पडलेल्यांचे वाङ्मय

वसई-विरारमध्ये पाणी कमी आणि पुढारी जास्त, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यातही विद्यमान पुढाऱ्यांपेक्षा माजी पुढारी जास्त, हे मात्र कोणी मोजत नाही. याला इतिहास आहे. ३ जुलै २००९ रोजी इथे महापालिका झाली. त्याआधी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर अशा चार नगरपरिषदा होत्या, शिवाय ढीगभर ग्रामपंचायती. सरकारने एक अधिसूचना काढली आणि तालुक्यात माजी नगराध्यक्ष, माजी सरपंच, माजी उपसरपंच यांचे भरघोस पीक आले. पुढे जून २०२०मध्ये महापालिकेची मुदत संपली. करोना होता, निवडणूक पुढे गेली, प्रशासक बसले आणि ११५ नगरसेवक एकाच दिवशी माजी झाले. त्यानंतर २०२४च्या नोव्हेंबरात वसई, नालासोपारा आणि बोईसर या तिन्ही जागा बहुजन विकास आघाडीच्या हातून गेल्या. एका दुपारीत तीन माजी आमदार.

माजी माणसाचे हाल विद्यमान माणसाला कळत नाहीत. काल ज्या फलकावर आपला फोटो मधोमध होता, तिथे तो आज डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात, ‘शुभेच्छुक’ या सदरात येतो. लग्नाला गेले तर सोफ्यावर बसवतात, पण सोफा दुसऱ्या रांगेतला. सत्कारात शाल मिळते, पण निवेदक नाव घेताना कागदात बघतो. ‘माजी’ हा शब्द फलकावर शक्य तितक्या बारीक अक्षरांत लिहिण्याचे कसब आमच्याकडच्या फ्लेक्सवाल्यांनी कमावले आहे. नाव दीड फूट, पद एक फूट आणि ‘मा.’ एवढेच. ते मा. माननीयचे की माजीचे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

अशा वेळी मनुष्य पुस्तकाकडे वळतो.

पुस्तकाकडेच का? कारण लेखक हे एकच पद असे आहे की त्याला मुदत नाही. त्यासाठी प्रभागरचना नाही, आरक्षणाची सोडत नाही, जातपडताळणी नाही, अनामत रक्कम नाही. आणि मुख्य म्हणजे त्याच्यामागे ‘माजी’ लागत नाही. माजी मंत्री असतो, माजी न्यायाधीश असतो, माजी कर्णधार असतो. माजी लेखक कोणी ऐकला आहे? चाळीस वर्षांपूर्वी एक कवितासंग्रह काढून नंतर चिंचोटीला गाळा टाकलेला गृहस्थही आजपर्यंत कवीच असतो. आमच्या वसईचेच उदाहरण घ्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिक चालवले, ‘सुबोध बायबल’ लिहिले, हरित वसईच्या आंदोलनात पुढाऱ्यांनाही पेलवली नसती एवढी माणसे रस्त्यावर आणली आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. जुलै २०२४मध्ये ते गेले. संमेलनाच्या यादीत त्यांना ‘माजी अध्यक्ष’ म्हणतील, पण लेखक म्हणून त्यांना माजी करण्याची सोय कोणत्याही कायद्यात नाही.

हे गुपित पुढाऱ्यांना कळते, पण पडल्यावर कळते. निवडून येत असताना त्यांना वाचायलाही सवड नसते, लिहिणे दूरच. म्हणून माझे म्हणणे असे की मराठी राजकीय आत्मचरित्राचा खरा आश्रयदाता प्रकाशक नव्हे, सरकारचे साहित्य मंडळही नव्हे. तो मतदार आहे. आपण शाई लावून बोट वर करतो, तेव्हा एकाला पाच वर्षांची खुर्ची देतो आणि दुसऱ्याला लिहिण्यासाठी मोकळी पाच वर्षे.

पुराव्यासाठी लांब जायला नको. राम नाईक १९८९पासून सलग पाच वेळा उत्तर मुंबईतून लोकसभेत गेले. हा मतदारसंघ तेव्हा गोरेगावपासून निघायचा आणि भाईंदरची खाडी ओलांडून वसई-विरारच्या पलीकडे जायचा. म्हणजे खासदार आमचेच. रेल्वे हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. जन्मच मुळी १६ एप्रिलचा, ज्या तारखेला १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला देशातली पहिली प्रवासी आगगाडी सुटली. विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल जावी म्हणून ते वर्षानुवर्षे मागे लागले होते. ती गाडी अखेर सुरू झाली २०१३च्या १६ एप्रिललाच. रेल्वेने आयुष्यात कोणाचा वाढदिवस लक्षात ठेवल्याचे हे एकमेव उदाहरण असावे, आणि तेही योगायोगाने.

तर अशा माणसाला २००४ साली आम्ही काय दिले? समोर गोविंदा उभा होता. तोही परका नव्हे, विरारमध्येच वाढलेला. एकीकडे गाड्यांचे वेळापत्रक तोंडपाठ असलेला उमेदवार, दुसरीकडे ज्याच्या नाचावर अख्खी गाडी ठेका धरेल असा. मतदारसंघाने नाच पसंत केला आणि नाईक सुमारे ४८ हजार मतांनी पडले. २००९ साली ते पुन्हा उभे राहिले, पुन्हा पडले. या खेपेस अवघ्या ५,७७९ मतांनी, संजय निरुपम यांच्याकडून. पण तोवर वसई-विरार पालघर मतदारसंघात गेले होते, त्यामुळे त्या दुसऱ्या पराभवाचे श्रेय आम्हाला घेता येत नाही. २०१३मध्ये त्यांनी आता निवडणूक लढवणार नाही असे जाहीर केले, २०१४मध्ये उत्तर प्रदेशचे राज्यपाल झाले आणि २०१६ साली त्यांचे ‘चरैवेति! चरैवेति!!’ हे आठवणींचे पुस्तक आले. मग ते थांबेचना. हिंदी, इंग्रजी, उर्दू, गुजराती, संस्कृत, सिंधी, अरबी, फारसी, जर्मन. संस्कृत आवृत्तीचे प्रकाशन २०१८ साली काशीला राष्ट्रपतींच्या हस्ते झाले.

पाहा, उत्तर मुंबईने नाकारलेला माणूस अरबीत वाचला जाऊ लागला. लोकसभेची सहावी टर्म मिळाली असती तर हे झाले असते का? शून्य प्रहर, स्थायी समिती, रेल्वे अंदाजपत्रक यांतून मान वर करायला फुरसत मिळाली नसती. म्हणून जर्मन वाचकांनी आमचे आभार मानायला हवेत, निदान २००४ पुरते तरी. खरे सांगायचे तर या लेखकाचा रियाज जुना होता. आमदार असताना ‘विधानसभेत राम नाईक’, खासदार असताना ‘लोकसभेत राम नाईक’ असे कामाचे वार्षिक अहवाल ते नेमाने काढत, आणि राज्यपाल झाल्यावरही ‘राजभवन में राम नाईक’ काढायला चुकले नाहीत. केलेल्या कामाचा हिशेब न मागता देणारा खासदार, ही मतदाराला अवघडवून टाकणारी गोष्ट आहे. आपल्याला हिशेब मागायची सवय आहे, वाचायची नाही.

हा न्याय एकट्या उत्तर मुंबईचा नाही. पुणेकरांनी तो आधीच लावला होता. १९५७ साली पुण्यात काँग्रेसचे काकासाहेब गाडगीळ पडले आणि प्रजा समाजवादी पक्षाचे नानासाहेब गोरे निवडून आले. पडलेले गाडगीळ ‘ग्यानबाचे अर्थशास्त्र’ लिहिणारे, आणि निवडून आलेले गोरे ‘सीतेचे पोहे’ लिहिणारे. पुणेकरांना दोन्हीकडून साहित्यिकच मिळत होता, तरी त्यांनी मतदान केले, हे पुण्याच्या स्वभावाला धरून झाले. पुढे गाडगीळ पंजाबचे राज्यपाल झाले आणि १९६२ साली साताऱ्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. त्याच १९६२ साली पुणेकरांनी गोरे यांनाही पाडले. एका शहराने दोन लेखकांना इतक्या समभावाने वागवल्याचे दुसरे उदाहरण माझ्या तरी पाहण्यात नाही. त्यानंतर गाडगीळांचे ‘पथिक’ हे आत्मचरित्र आले.

नगर जिल्ह्याने तर जोडीच दिली. १९९१ साली यशवंतराव गडाख लोकसभेवर निवडून आले आणि पडलेले बाळासाहेब विखे पाटील न्यायालयात गेले. प्रचारातल्या भाषणांवरून खटला चालला. १९९३मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही गडाखांची निवड रद्दच ठेवली. म्हणजे निवडून आलेला माणूसही पडलेल्यांत जमा झाला. त्या खटल्याने देशभर उमेदवारांची जीभ काही दिवस आवरली होती म्हणतात. पण साहित्याच्या दृष्टीने निकाल वेगळाच लागला. गडाखांनी ‘अर्धविराम’ लिहिले, ते वाचकांनी उचलून धरले. विखे पाटलांचे ‘देह वेचावा कारणी’ त्यांच्या पश्चात २०२० साली पंतप्रधानांच्या हस्ते प्रसिद्ध झाले. वादी आणि प्रतिवादी, दोघेही आत्मचरित्रकार. सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेले भांडण शेवटी ग्रंथालयाच्या एकाच कपाटात, कधीकधी एकाच फळीवर विसावते. तिथे कोणी कोणावर आक्षेप घेत नाही.

रामटेकने दोनदा निवडून दिलेले खासदार पी. व्ही. नरसिंह राव यांची तर गोष्टच निराळी. त्यांनी हरी नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ तेलुगूत नेली होती, म्हणजे मराठी कादंबरीशी सोयरीक जुनी. पंतप्रधान असताना ते फारसे बोलत नसत. १९९६मध्ये सत्ता गेली आणि १९९८मध्ये त्यांनी थेट जाडजूड कादंबरी काढली. आत्मचरित्र नव्हे, कादंबरी. नायकाचे नाव आनंद, राज्याचे नाव अफरोजाबाद. बाकी सगळे ओळखीचे. हा बेत हुशार होता. आत्मचरित्रात ‘मी असे केले नाही’ असे म्हटले की लोक हसतात. कादंबरीत ‘आनंदने तसे केले’ असे लिहिले की समीक्षक पात्रचित्रणाची वाहवा करतात.

आणि खरोखर दुसरी कारकीर्द म्हणावी अशी कोणाची, तर मधू लिमये यांची. पुण्याचा हा माणूस बिहारमधून निवडून यायचा. १९८० साली बांका मतदारसंघात पडला आणि १९८२ साली सक्रिय राजकारणातून बाहेर पडला. खासदारकीचे निवृत्तिवेतन नाकारले. मग १९९५मध्ये जाईपर्यंत लिहीत राहिला, मराठीत, हिंदीत, इंग्रजीत. वर्तमानपत्रातले लेख आणि त्यांचे मानधन, एवढ्यावर घर. आमच्याकडचे माजी निवृत्तिवेतन घेतात आणि पुस्तक फुकट वाटतात. लिमये निवृत्तिवेतन घेत नसत आणि लिहिण्याचे पैसे घेत. माझ्या मते लेखकाची व्याख्या इथेच संपते.

आता कोणी विचारील, सत्तेत राहून चांगले लिहिता येतच नाही का? यशवंतराव चव्हाणांकडे बघा. त्यांनी तीन खंडांचे आत्मचरित्र योजले होते. ‘कृष्णाकाठ’ बालपणापासून १९४६पर्यंतचे, पुढे ‘सागरतीर’ आणि शेवटी ‘यमुनाकाठ’. ‘कृष्णाकाठ’ अप्रतिम आहे. देवराष्ट्रे, कऱ्हाड, शाळा, तुरुंग, आई. आणि जिथे सत्ता सुरू होते, नेमके तिथे पुस्तक संपते. मुंबई आणि दिल्लीचे खंड राहून गेले, १९८४च्या नोव्हेंबरात ते गेले. मराठी वाचक तेव्हापासून त्या दोन खंडांची वाट पाहत बसला आहे. सत्तेच्या आधीचे आणि सत्ता गेल्यानंतरचेच खरे लिहिले जाते, असा एक नियम यावरून काढता येईल. मधला काळ हा फायलींचा.

शरद पवारांनी मात्र हा नियमही वाकवला. ‘लोक माझे सांगाती’ २०१५ साली आले. २ मे २०२३ रोजी मुंबईत यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानमध्ये त्याच्या वाढीव आवृत्तीचे प्रकाशन होते आणि तिथेच त्यांनी पक्षाध्यक्षपद सोडण्याची घोषणा केली. सभागृहात कार्यकर्ते रडू लागले. एरवी रडायची पाळी वाचकांवर येते आणि तीही पुस्तक वाचून झाल्यावर. इथे वेष्टन सुटताच आली. ५ मे रोजी त्यांनी निर्णय मागे घेतला. चाहत्यांनी आग्रह करकरून ज्याची लेखकाची दुसरी कारकीर्द तीन दिवसांत बंद पाडली, असा हा बहुधा एकमेव लेखक.

हे झाले मोठ्यांचे. आमच्या वसई-विरारमधल्या माजींचे पुस्तक कसे तयार होते, ते जवळून बघण्यासारखे असते. सोयीसाठी आपण त्यांना नाना म्हणू. हे नाना पूर्ण काल्पनिक असून कोणाही माजी, आजी वा इच्छुक नानांशी त्यांचा संबंध नाही, असे पहिल्या पानावर छापायची पद्धत आहे, ती इथेही पाळतो.

नानांचे संपर्क कार्यालय अजून उघडे आहे, संपर्क तेवढा कमी झाला आहे. त्यामुळे लेखनाला निवांतपणा मिळतो. शब्दांकनासाठी निवृत्त झालेले मराठीचे एक सर येतात. टेबलावर रेकॉर्डर म्हणून सरांचा मोबाइल, शेजारी चहा, भिंतीवर जुन्या सत्कारांचे फोटो.

‘‘लिहा सर,’’ नाना म्हणतात, ‘‘माझा जन्म अत्यंत गरीब शेतकरी कुटुंबात झाला.’’

‘‘नाना, आगाशीची ती केळीची वाडी तुमच्या आजोबांचीच ना?’’

‘‘वाडी होती, पण केळीला भाव कुठे होता? गरीबच लिहा.’’

सर लिहितात. दुसरे प्रकरण शाळेचे. त्यात एक गणिताचे मास्तर असतात आणि ते म्हणालेले असतात की हा मुलगा एक दिवस नाव काढील. मास्तर हयात नसल्याने कोणाची हरकत येत नाही. तिसऱ्या प्रकरणात एसटीचा मोर्चा. चौथ्यात पाणी. आमच्याकडच्या प्रत्येक राजकीय पुस्तकात पाण्याचे प्रकरण असतेच, आणि प्रत्येकात लेखकानेच पाणी आणलेले असते. सूर्या प्रकल्पाचे पाणी नेमके कोणी आणले याबाबत वसई-विरारमध्ये इतके लेखी पुरावे उपलब्ध आहेत की ते सगळे खरे धरले तर नळाला दिवसाचे चोवीस तास पाणी हवे. प्रत्यक्षात ज्याच्या दारी टँकर येतो त्याला ही प्रकरणे मोठ्याने वाचून दाखवू नयेत.

पाचवे प्रकरण २९ गावांचे. ही गावे महापालिकेत ठेवावीत की वगळावीत या वादावर इथे एक पिढी वाढली. नाना या प्रश्नात पहिल्यापासून गावांच्या बाजूने होते. कोणत्या बाजूला गावे होती, हे प्रकरणभर स्पष्ट होत नाही. सरांनी तसे विचारलेही.

‘‘ते मोघमच ठेवा,’’ नाना म्हणाले, ‘‘पुढची निवडणूक कधी लागेल सांगता येत नाही.’’

इथेच आपल्याकडच्या राजकीय आत्मचरित्रांचा घात होतो. लेखकाला वाचक नको असतो, मतदार हवा असतो. मतदाराला दुखवायचे नाही, तेव्हा कोणाचे नाव वाईट अर्थाने घ्यायचे नाही. पक्षश्रेष्ठींना दुखवायचे नाही. पूर्वीच्या पक्षाच्या श्रेष्ठींनाही नाही, कारण परतीची वाट मोकळी राहिली पाहिजे. ज्याने तिकीट कापले त्याला ‘काही हितचिंतक’ म्हणायचे. अशा रीतीने तीनशे पानांत लेखक सगळ्यांशी गोड बोलतो आणि वाचक विसाव्या पानावर गाढ झोपतो.

सर जुने मास्तर, त्यांनी हे ओळखले. एका संध्याकाळी त्यांनी विषय काढला.

‘‘नाना, पराभवाचे प्रकरण राहिले.’’

‘‘ते कशाला? एक ओळ टाका, ‘जनतेचा कौल विनम्रपणे स्वीकारला.’ ’’

‘‘नाना, लोक फक्त तेच वाचतील हो. बाकी सगळे त्यांना ठाऊक आहे.’’

नानांनी चहा मागवला आणि मग सांगायला सुरुवात केली. पहिल्या तीन फेऱ्यांत ते पुढे होते. कार्यकर्त्यांनी गुलालाची पोती फोडली. चौथ्या फेरीत आघाडी निम्म्यावर आली, तेव्हा कोणी तरी म्हणाले, आपला भाग अजून उघडायचाय. सहाव्या फेरीत आपलाच भाग उघडला. त्यानंतर मतमोजणी केंद्राबाहेर लघवीला जातो म्हणून गेलेले कार्यकर्ते परत आले नाहीत. फटाक्यांच्या पेट्या परत करायला माणूस पाठवला, तर दुकानदार म्हणाला, विकलेला माल परत नाही, दिवाळीला वापरा. ढोलवाल्याने ठरलेले पैसे मात्र पूर्ण घेतले आणि जाताना विचारले, विजयी उमेदवाराचे कार्यालय कुठल्या बाजूला.

‘‘आणि रात्री?’’ सरांनी विचारले.

‘‘रात्री काही नाही. फोन वाजेना, तेव्हा मी तो बिघडला असे समजून मुलाच्या फोनवरून लावून बघितला. वाजला. चांगला होता.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दार वाजले. नानांना वाटले, सांत्वनाला कोणी आले. दारात बोळिंजचा एक म्हातारा उभा, हातात पाणीपट्टीचे बिल. दोन महिन्यांचे बिल दोनदा आले होते. त्याला निकाल ठाऊकच नव्हता. नानांनी त्याला तसे सांगितले नाही. कार्यालयात फोन केला, बिल दुरुस्त करून घेतले, म्हातारा ‘निवडून या’ असा आशीर्वाद देऊन गेला.

‘‘माजी झाल्यावर केलेलं माझं पहिलं काम,’’ नाना म्हणाले, ‘‘आणि खरं सांगू, नगरसेवक असताना तेच काम करायला मला तीन आठवडे लागले असते. तेव्हा आधी फोटोवाल्याला बोलवावं लागायचं.’’

सरांनी हे जसेच्या तसे लिहून काढले. पाणी, मोर्चा, मास्तर आणि २९ गावे मिळून जे साधले नव्हते ते या सहा पानांत साधले. नाना पहिल्यांदाच वाचनीय झाले.

प्रकाशन समारंभ मात्र रिवाजाप्रमाणेच झाला. सभागृह स्टेशनजवळचे, वेळ सहाची, सुरुवात साडेसातला. निमंत्रणपत्रिकेवर लेखकापेक्षा प्रमुख उपस्थितांची नावे मोठी. नावांचा क्रम लावण्यात जेवढी रात्र गेली तेवढी मुद्रिते तपासण्यात गेली नाही, हे पुस्तक उघडताच दिसते. व्यासपीठावर अकरा जण. प्रत्येकाने ‘मला पुस्तक पूर्ण वाचता आले नाही, पण चाळले’ अशी सुरुवात केली आणि मग चाळण्यातून न पडलेला मजकूर सांगितला. सरांचे नाव शेवटच्या आभारात, माइकवाल्याच्या आधी. बाहेर एका टेबलावर पुस्तकांचा ढीग आणि दुसऱ्यावर खोक्यांचा, खोक्यात सामोसा, वेफर आणि पेढा. खोकी आधी संपली.

पुस्तके उरली, पण वाया गेली नाहीत. जाईल त्याच्या हातात नानांनी सहीनिशी ‘सप्रेम भेट’ दिली. या सप्रेम भेटीने मराठी ग्रंथव्यवहाराचे जेवढे नुकसान केले तेवढे दूरदर्शनने आणि मोबाइलने मिळूनही केले नसेल. फुकट मिळालेले पुस्तक वाचायचे नसते, असा आपल्याकडे दृढ समज आहे. ते घरी टीव्हीशेजारी वर्षभर राहते, मग माळ्यावर जाते आणि गणपतीच्या आवराआवरीत रद्दीवाल्याच्या काट्यावर चढते. रद्दीवाल्यांची पसंती राजकीय आत्मचरित्रालाच असते. पुठ्ठा जाड, कागद गुळगुळीत, रंगीत फोटोंची पाने भरपूर. कवितासंग्रह वजनाला काहीच भरत नाही. आमच्याकडच्या एका रद्दीवाल्याने मला सांगितले की सहीचे पान तो आधी फाडून टाकतो. कारण विचारले तर म्हणाला, ‘‘साहेब इथूनच जातात रोज. बघितलं तर वाईट दिसतं.’’ एवढी रसिकता मी समीक्षकांतही पाहिली नाही.

वाचायला वेळ कुठे, ही तक्रार वसई-विरारकराने मात्र करू नये. रोज चर्चगेटला जाऊन येणाऱ्याचे तीनेक तास गाडीत जातात. विरार फास्टमध्ये पान उलटायला हात मोकळा मिळत नाही हे खरे, पण भाईंदर गेले की चौथ्या सीटवर टेकायला मिळते, तेव्हा एखादे प्रकरण होते. राजकीय आत्मचरित्राचा फायदा असा की कुठूनही उघडले तरी चालते आणि स्टेशन आले म्हणून मिटले तरी रुखरुख लागत नाही.

तेव्हा वसई-विरारच्या आणि एकूण महाराष्ट्राच्या समस्त माजींना माझी हात जोडून विनंती आहे. लिहा. जरूर लिहा. तुमच्यापाशी जी सामग्री आहे ती कोणा कादंबरीकारापाशी नाही. कोणती इमारत रात्रीत दोन मजले कशी वाढली, टँकरचा फेरा कोणाच्या दारातून वळला, कोणत्या सोडतीत चिठ्ठी कशी निघाली, हे तुम्हालाच ठाऊक आहे. पण लिहायला बसाल तेव्हा पराभवाचे प्रकरण पहिल्यांदा लिहा. तेवढे खरे जमले तर पुढची आपोआप जमतील, आणि नाही जमले तर पुढची लिहूच नका, कागद वाचेल. शब्दांकन करणाऱ्याचे नाव मुखपृष्ठावर घाला, त्याचे पैसे वेळेवर द्या. आणि पुस्तक कोणाला फुकट देऊ नका. मत मागताना काही दिले असेल तर ते झाले गेले. वाचक तरी पैसे देऊन मिळवा.

वाचकांनाही एक सांगायचे आहे. माजीचे पुस्तक विकत घ्या. आवडले तर त्याला तसे आवर्जून कळवा आणि दुसरा खंड मागा. नाही आवडले तरी निराश होऊ नका. निवडणुका येतच राहतात, आणि नवे लेखक घडवणे सर्वस्वी तुमच्याच हातात आहे.